यादीत शेवटची रंगुबाई

९ नोव्हेंबर १९७२, गुरुवार. सकाळी साडेसात.

आजपासून रोज लिहायचं. फार नाही, दहा ओळी. कुणाला दाखवायचं नाही. पण आपल्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर कसा आला, हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

(कॉम्प्युटर आलेला नाही. तो पुण्याला आहे. आपण त्याचे तास भाड्याने घेतो. पण डोकं इथलं आहे. माझं.)

काम असं: कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्याची यादी. ज्याची लागण आधीची, त्याचा नंबर आधी. आजवर शेतकी खात्यातला रंभाजी ही यादी हाताने करायचा. तीन आठवडे लागायचे. कॉम्प्युटरला चार मिनिटं. मी पुण्याला तीन महिन्यांचा कोर्स करून हा प्रोग्रॅम लिहिला आहे. एका ओळीला भोकं पाडलेलं एक कार्ड, अशी ६४३ कार्डं. वजन दीड किलो भरलं. किराणा दुकानात मोजून घेतलं.

शेतकी अधिकारी आप्पासाहेब म्हणाले, हंगामभर यादी नीट चालली तर कॉम्प्युटर ऑफिसरची जागा बोर्डापुढे ठेवू. अर्जाचा मसुदा तयार करून ठेवला. तारीख तेवढी भरायची राहिली.

१३ नोव्हेंबर, सोमवार.

यादी आली! ११८४ नावं. कागद सलग. व्हरांड्यात उलगडला तो पायऱ्या उतरून सायकल स्टँडपर्यंत गेला. सगळी कचेरी बघायला जमली. अक्षरं इंग्रजी आहेत, त्यामुळे रंभाजीने त्यावरून मराठीत तोडीच्या चिठ्ठ्या लिहायच्या. त्याचा हुद्दा चिटबॉय. वय बावन्न.

रंभाजीने चष्मा लावला आणि विचारलं, "माझी मानसं कुठं हायती?"

कसली माणसं? त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. बारा नावं. पंधरा वर्षांत यादीत ज्या ज्या चुका झाल्या, त्या प्रत्येक चुकीतलं एक माणूस. साळूबाई, कारण जमीन अजून वारलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे आणि ती यादीतून गळते. सहादेव, कारण एकाच गटात दोघा भावांचे दोन तुकडे आहेत आणि नाव एकदाच पडतं. भिमाबाई, कारण तिचा ऊस ओढ्यापलीकडे आहे; पाटाचं पाणी सुटायच्या आत तोडला नाही तर गाड्या रुततात. अशी बारा. नवी यादी झाली की रंभाजी आधी ही बारा माणसं जागेवर आहेत का बघतो, आणि मगच यादी बाहेर पडते.

म्हणाला, "चूक मरत न्हाई, कानिफराव. निजती. दरसाली हलवून बघावं लागतं, उठली का म्हणून."

मी त्याला समजावून सांगितलं की ते माणसाच्या बाबतीत. यंत्र विसरत नाही. एकदा सुधारलेली चूक सुधारली. उपटलेली दाढ कुणाची परत दुखते का?

"तुमी माजी दाढ बघितली न्हाई," म्हणाला.

बारा नावं शोधायला दीड तास लागतो. चार मिनिटांच्या कामाला दीड तास तपासणी! ही पद्धत बंद केली.

१४ नोव्हेंबर, मंगळवार.

आणखी एक चांगलं काम. बोर्डासाठी ठराव लिहून दिला: यादीतला नंबर मोडून कुणालाही चिठ्ठी द्यायची नाही. संचालकाचा मेहुणा असला तरी. वशिला संपला. ठराव एकमताने पास. उद्या पहिली मोळी टाकायची.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार.

पहिली तक्रार. रंगुबाई म्हणून एक बाई कोल्हारच्या वरच्या अंगाहून चालत आली. दीड एकर खोडवा. म्हणजे नवी लागण नाही, मागच्या वर्षी तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस.

"भाऊ, मागल्या साली माजा ऊस दिवाळीत तुटला. औंदा काय शिमग्याला तोडता व्हय?"

यादी बघितली. रंगुबाई नंबर ११८४. शेवटची.

मग तिने विहिरीचं सांगितलं. या वर्षी पाऊस झालाच नाही. इंजिन सकाळी पाऊण तास चालतं की तळ दिसतो. तेवढं पाणी उसाला लागतं. "ऊस पितो आन दोन म्हशी, दोन बैलं माज्या तोंडाकडं बघत बसत्यात. ऊस तुटला की त्येच पानी जनावरांला. तवा लवकर बघा."

कारण सापडलं. खोडव्याला लागणीची तारीख नसते. कार्डावर ती जागा कोरी. आणि मीच एक कार्ड घातलं होतं: ज्याची तारीख कोरी, तो शेवटी. बेशिस्त लोकांना धडा म्हणून. असे चौऱ्याण्णव खोडवे शेवटाला गेलेत.

याला चूक म्हणता येणार नाही. शिस्त जरा जास्त झाली.

१८ नोव्हेंबर, शनिवार.

दोन नवी कार्डं. तारीख कोरी असेल तर मागच्या तोडीची तारीख धर. अकरा मिनिटांत सुचलं.

२२ नोव्हेंबर, बुधवार.

पुण्याहून परत. रंगुबाई नंबर १३७! म्हणजे पाच-सहा डिसेंबरला ऊसतोडीची टोळी तिच्या बांधावर.

रंभाजीने विचारलं, बाकीची बारा बघितली का. मी म्हणालो, तक्रार रंगुबाईची होती, मी रंगुबाई बघितली. त्याने कानावरची पेन्सिल काढून आपल्या कागदावर तेरावं नाव लिहिलं: रंगुबाई. मिटलेलं प्रकरण असं उघडं ठेवणं मला पटत नाही. पण म्हातारा माणूस आहे. चालायचं.

२९ नोव्हेंबर, बुधवार.

कारभारी नावाच्या बागायतदाराचा तीन एकर ऊस जळाला. जळका ऊस चार दिवसांत गाळावा लागतो, नाहीतर आंबतो. यादीत त्याचा नंबर ७०२. आप्पासाहेबांनी आवाज चढवला. मी शांतपणे म्हणालो, तीन कार्डं.

१ डिसेंबर, शुक्रवार.

कारभारी नंबर १. टोळी गेली, ऊस तुटला. आप्पासाहेब म्हणाले, "वा." एवढंच, पण माझ्याकडे बघून. अर्जात 'संकटकाळी तातडीचा निर्णय' हे वाक्य घातलं.

पुण्याच्या सेंटरवरही माझ्या कार्डांच्या गठ्ठ्याचं कौतुक झालं. यावेळी स्वच्छ गठ्ठा नेला होता. माझ्याकडे दोन आहेत. एक कामाचा: भज्यांचे डाग, दोन कार्डांचे कान दुमडलेले. दुसरा कोरा करकरीत. बाहेर जाताना माणूस चांगला सदरा घालतो, तसं.

८ डिसेंबर, शुक्रवार.

रंगुबाई आली. पाच तारखेपासून बांधावर बसून होती म्हणे. टोळी तिच्या शेतावरून पुढे निघून गेली.

यादीत पुन्हा शेवटची.

दुपारभर डोकं धरून बसलो. तिची दोन कार्डं भज्यांच्या गठ्ठ्यात. पुण्याला गेला तो स्वच्छ गठ्ठा. त्यात जळक्या उसाची तीन कार्डं घातली आणि तिची राहिली.

रंगुबाईला म्हणालो, तांत्रिक अडचण. ती म्हणाली, "आसंल. पर इंजिन आता अर्धा तासच चालतंय."

रंभाजीने कागद काढला. पेन्सिलीने रंगुबाईच्या नावाखाली रेघ मारली. मुद्दाम माझ्यासमोर.

संकल्प: यापुढे एकच गठ्ठा. तारीख कोरी ठेवलेल्या अर्जात 'नीटनेटकेपणा' हा गुण लिहिला होता, तो तूर्त खोडला.

१२ डिसेंबर, मंगळवार.

झालं. एकच गठ्ठा, दोन्ही दुरुस्त्या आत. रंगुबाई नंबर ६१. १९ तारखेला टोळी. तिला निरोप पाठवला: आता काळजी करू नका, हे लेखी समजा.

रंभाजी म्हणाला, तेरा नावं बघू का, दीड तासच लागंल. मी म्हणालो, बरा झालेला पेशंट रोज दवाखान्यात जातो का?

"मागल्या खेपेला बरा झाला हुता, त्योच पेशंट हाय ह्यो," म्हणाला.

१५ डिसेंबर, शुक्रवार.

सहादेवचं प्रकरण. दोघा भावांचे दोन तुकडे, नाव एकदाच पडलं. धाकट्याचा ऊस यादीतच नाही. (रंभाजीच्या कागदावर हे दुसरं नाव. योगायोग.) कारण साधं आहे. कार्डावर नावाच्या अक्षरांना घरं कमी पडतात. शेवटची अक्षरं कापली जातात आणि दोघे भाऊ यंत्राला एकच दिसतात. नावाला सहा घरं वाढवून दिली. उदार मनाने.

१८ डिसेंबर, सोमवार.

सहादेव आणि त्याचा भाऊ, दोघेही यादीत. वेगवेगळे. दोनदा तपासलं. आता ही यादी कुणीही तपासावी.

२० डिसेंबर, बुधवार.

रंगुबाई शेवटची.

लिहायची इच्छा नाही.

संध्याकाळी. लिहितो. नावाला जी सहा घरं दिली, ती मोकळी नव्हती. तिथे मागच्या तोडीची तारीख होती. सहादेवच्या भावाला वाचवलं आणि सगळ्या खोडव्यांच्या तारखा पुसल्या. तारीख कोरी, म्हणून शेवटी. ते शिस्तीचं कार्ड अजून आहेच.

गेटवरच्या हॉटेलात मच्छिंद्र भेटला. टोळीचा मुकादम. आमच्या तिसगावचाच, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याच्या हाताखाली सोळा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या सोळा जोड्या. सगळ्यांदेखत म्हणाला, "आरं कानिफा, तुज्या कागदापायी आमी ऊस कमी तोडतो आन रस्ता जास्ती. बैलं सुदिक म्हनत्यात, ह्यो तिसगावचा न्हवं."

मी चहा अर्धा टाकून उठलो. अडाणी माणसाशी वाद नको.

२१ डिसेंबर, गुरुवार.

रंगुबाई आज आली नाही. बरं वाटलं. मग वाईट वाटलं. मग पुन्हा बरं.

रंभाजीने आप्पासाहेबांना विचारलं, हाताने एक चिठ्ठी लिहून देऊ का? आप्पासाहेबांनी ठराव दाखवला. नंबर मोडून चिठ्ठी नाही. मराठी उत्तम आहे ठरावाचं. कुठेही पळवाट नाही. रंभाजीने वाचून झाल्यावर विचारलं, "ह्ये लिवलं कुनी?" मी फाईल शोधत होतो.

२६ डिसेंबर, मंगळवार.

निर्णय. ठिगळं लावणं बंद. सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. पहिला लिहिला तेव्हा मी नवशिका होतो. आता अनुभव आहे. जुनी सगळी कार्डं बंबात घातली. पाणी छान तापलं.

तोवर आठवड्याची यादी जुनीच चालेल.

१ जानेवारी १९७३, सोमवार.

नवीन वर्षाचे संकल्प. (१) प्रोग्रॅम दहा दिवसांत. (२) भजी बंद. (३) रंभाजीशी गोडीने. (४) रंगुबाईला स्वतः जाऊन भेटायचं.

१२ जानेवारी, शुक्रवार.

प्रोग्रॅम निम्मा. क्रमांक दोन मोडला. क्रमांक चार सवड झाली की. भेटायचं ते हातात चिठ्ठी घेऊनच, नुसतं तोंड काय दाखवायचं?

विहिरी सगळीकडे आटल्यात. नगरच्या रस्त्याला जनावरांची छावणी उघडली आहे.

२२ जानेवारी, सोमवार.

नवा प्रोग्रॅम. ४१० कार्डं. देखणा. यादी व्हरांड्यात उलगडली. ५७१ नावं उरलीत, त्यामुळे कागद पायरीपर्यंतच गेला. रंभाजी म्हणाला, "आता तरी माजी मानसं बघू द्या." नाही म्हणायला कारण नव्हतं. म्हणालो, बघा.

उकिडवा बसून कागदावरून सरकत गेला. दीड तास. ज्यांची तोड होऊन गेली होती, त्यांना तो सोडत नव्हता; यादीत नाहीत ना, हेही बघत होता. मग उठला, गुडघे झटकले.

"तेरातली अकरा चुकली."

साळूबाई गळाली. भिमाबाई पाटाचं पाणी सुटल्यावर. सहादेव पुन्हा एकच. कारभारीचा जळका ऊस (मागेही एकदा जळाला होता, म्हणून तोही बारांत), जो डिसेंबरातच तुटला, तो नंबर १ वर. आणि रंगुबाई नंबर ५७१.

दोन महिन्यांत सुधारलेली प्रत्येक चूक नव्या प्रोग्रॅममध्ये परत आली होती. जुन्या कार्डांत त्यांची उत्तरं होती. आणि ती कार्डं...

आंघोळ केली नाही आज.

२३ जानेवारी, मंगळवार.

रंभाजीकडून तो कागद मागून घेतला. तो म्हणाला, "जपून. घडीवर फाटलाय." तेरा नावांची तेरा कार्डं करून घेतली. प्रत्येकाशेजारी त्याचा बरोबर नंबर काय यायला हवा, तोही लिहिला. नंबर रंभाजीने तोंडी सांगितले. आता काहीही दुरुस्त केलं की आधी ही तेरा माणसं यंत्रातून घालायची. तेराही जागेवर आली तरच यादी.

हे आधी का सुचलं नाही? कारण असल्या कल्पना सुचायला वेळ लागतो. नाव दिलं: तेरा कार्डांची पद्धत. शोधक: मी. (रंभाजीचं सहकार्य.)

३० जानेवारी, मंगळवार.

पुण्यात दोन दिवस मुक्काम. साळूबाई दुरुस्त केली तर भिमाबाई बिघडली. भिमाबाई केली तर रंगुबाई. पण यावेळी ते तिथल्या तिथे दिसलं. टोळी कुणाच्या बांधावर जाऊन नव्हे, टेबलावर. तेरातली नऊ बरोबर.

सेंटरमधल्या माणसाने विचारलं, ही तेरा नावं कुणाची? मी म्हणालो, आमच्याकडची मोठी माणसं आहेत.

शिस्तीचं कार्ड काढून टाकलं. हातात घेऊन बघितलं. साधं कार्ड, सहा भोकं.

६ फेब्रुवारी, मंगळवार.

तेराच्या तेरा!

पुन्हा घातली. तेरा. तिसऱ्यांदा घातली. सेंटरमधला माणूस तासाचा हिशोब दाखवायला लागला तेव्हा थांबलो.

रंगुबाई नंबर १. खोडव्यांत सगळ्यात जुनी तोड तिचीच, आणि इतके दिवस ती मागे राहिलेली. वशिला नाही, ठराव मोडला नाही. यंत्राने स्वतः दिला.

८ फेब्रुवारी, गुरुवार.

रंभाजीने यादी बघितली. दीड तास. उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बराबर हाय." पंधरा वर्षांत असं कधी म्हणाला असेल, वाटत नाही.

रंगुबाईची चिठ्ठी त्याने लिहिली, ती मी मागून घेतली. उद्या स्वतः घेऊन जाणार. मच्छिंद्रच्या टोळीबरोबर. त्यालाही बघू दे, तिसगावचा माणूस काय करतो ते.

आप्पासाहेब खूश आहेत. अर्जावर तारीख घातली: ८ फेब्रुवारी. 'कॉम्प्युटर ऑफिसर'च्या आधी 'चीफ' लिहून बघितलं. शोभतं.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी दोन.

सकाळी सहाला निघालो. मी सायकलवर पुढे, मागे मच्छिंद्र, सोळा कोयते, बारा गाड्या. चिठ्ठी सदऱ्याच्या वरच्या खिशात, दिसेल अशी.

रंगुबाईचं शेत ओळखू आलं नाही. दोनदा पुढे जाऊन मागे आलो. शेवटी तीच दिसली, म्हशींना पाणी दाखवत होती. तिच्यामागे दीड एकर मोकळं रान. बुडखे, थोडं पाचट, शेण.

विचारलं, मावशी, ऊस?

"संक्रांतीच्या आदल्या दिशी मीच इळा घातला, भाऊ. इंजिन धा मिन्टं बी चालत न्हवतं. ऊस जगवावा का जनावरं, येकच व्हनार हुतं. निम्मा आमच्या दावनीला, निम्मा छावनीवाल्यांनी नेला." मग चिठ्ठीकडे बघून म्हणाली, "आज नंबर लागला व्हय? कितवा?"

पहिला, म्हणालो.

"बरं झालं बाई," म्हणाली. खरंच तसं म्हणाली. थट्टेने नाही. थट्टेने म्हणाली असती तर उत्तर देता आलं असतं.

मागे गाड्या एकेक करून येऊन थांबल्या. बायका डोक्यावरच्या चुंबळी सोडून बांधावर बसल्या. मच्छिंद्र पुढे आला, रानाकडे बघितलं, कोयत्याची धार अंगठ्याने बघितली आणि म्हणाला, "बोला साहेब, काय तोडू?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला साहेब म्हणाला.

बैलं धापा टाकत होती. रंगुबाईने बादली विहिरीत सोडली. आधी बैलांना, मग सगळ्या टोळीला पाणी पाजलं. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "प्या की. आता ऊस न्हाई न्हवं, पुरतंय."

दोन तांबे प्यालो. गार होतं.